बर्फ आहे तोवर

‘आई, आमच्या वर्गातल्या एका मुलीची कोकम गोष्टी सांगते!’

मुक्ता तेव्हा पहिलीत होती. शाळेतून येऊन दारातच बसली होती आणि बुटांतला बर्फ झटकत होती. मी ओट्याशी. माझं माहेर कुडाळचं, त्यामुळे कोकम म्हटलं की मला मे महिन्यातलं अंगण दिसतं, वाळत घातलेली सोलं आणि रातांबे फोडून फोडून लाल झालेली आईची बोटं. मुक्ताची कोकमाशी ओळख त्याहून थोडी. आजी दर खेपेला डबा भरून देते ते काळं, आंबट, आमटीत टाकायचं. ते गोष्टी कसं सांगेल, हे कोडं तिलाही होतं आणि मलाही.

चार दिवसांनी शाळेच्या फाटकाशी ती ‘कोकम’ मला दिसली. साठीच्या पुढची बाई, अंगात जाड कोट, हातमोज्यांवर मण्यांची फुलं भरलेली. नात धावत आली आणि ‘कोकुम!’ म्हणत तिच्या पोटाला बिलगली. बाईंनी एक हातमोजा काढला आणि उघड्या हाताने नातीचं नाक चोळून गरम केलं. उणे अठ्ठावीस तापमानात हातमोजा काढणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. कोकुम म्हणजे आजी, हे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

आम्ही कॅनडात सास्काटूनला राहतो. या शहराचं नाव एका जांभळ्या रानफळाच्या क्री नावावरून आलंय. क्री म्हणजे इथले एक आदिवासी लोक आणि त्यांची भाषा. शहर ज्या सस्कॅचेवान प्रांतात आहे त्याचं नाव ‘वेगाने वाहणारी नदी’ या क्री शब्दांवरून. त्या नदीच्या काठाने आम्ही रविवारी जिथे फिरायला जातो ती वाट ‘मीवासिन’, म्हणजे ‘सुंदर आहे’. दहा वर्षं मी हे शब्द पत्त्यावर लिहीत होते, फोनवर कुणाकुणाला सांगत होते. ते एका जिवंत भाषेतले शब्द आहेत आणि ती भाषा बोलणारी माणसं माझ्याच बसमध्ये पुढच्या बाकावर बसलेली असतात, हे माझ्या ध्यानात आलं ते मुलीच्या तोंडून ‘कोकम’ ऐकल्यावर.

त्याच हिवाळ्यात वाचनालयाच्या मुलांच्या विभागात दोन पातळ पुस्तकं हाताला लागली. दोन्ही 1988 साली इथेच, सास्काटूनमध्ये छापलेली. एकात उंदराचे दात तपकिरी कसे झाले ते सांगितलंय, दुसऱ्यात बर्चच्या झाडाला पट्टे कसे आले ते. दोन्हींची चित्रं जॉर्ज लिटलचाइल्ड या क्री चित्रकाराची आहेत. तो लहानपणी घरच्यांपासून तुटून परक्या कुटुंबात वाढला. आजीच्या मांडीवर ऐकायच्या गोष्टी त्याच्या वाट्याला तिथे कशा येणार? त्याच गोष्टींची चित्रं मोठेपणी त्याने काढली, हे कळल्यावर मी ती पानं पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

मुक्ताचा समोरचा दात त्या आठवड्यात पडला होता. आमच्याकडे पडलेला दात कौलांवर टाकायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा दात मागायचा, हे मी तिला सांगितलं होतं. इथे कौलं नाहीत म्हणून तो आम्ही मागच्या अंगणात बर्फात पुरला होता. त्यामुळे उंदराची गोष्ट तिने कान टवकारून ऐकली. एक मुलगा फास लावून शिकार करायचा. एक दिवस त्याच्या फासात सूर्यच अडकला आणि सगळीकडे अंधार झाला. प्राणी एकेक करून फास तोडायला गेले, पण सूर्याच्या धगीपुढे कुणाचा टिकाव लागेना. शेवटी इवलासा उंदीर पुढे झाला आणि कुरतडत राहिला, दात भाजले तरी कुरतडत राहिला. फास तुटला, सूर्य सुटला. उंदराचे दात मात्र तपकिरी झाले ते झालेच.

‘म्हणजे मला तपकिरी दात येणार?’ मुक्ताने विचारलं. ती रडायच्या बेतात होती. मग थोडा विचार करून म्हणाली, ‘आला तरी चालेल. सूर्य सोडवला ना त्याने.’

या गोष्टी क्रीतून आणून मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईंचं नाव फ्रेडा अहेनाक्यू. जन्म 1932 चा, सस्कॅचेवानमधल्या अताहकाकूप या क्री वस्तीतला. वस्तीचं नाव जुन्या सरदाराच्या नावावरून पडलं. 1876 साली आदिवासींच्या जमिनींबाबत इंग्लंडच्या राणीशी झालेल्या सहाव्या करारावर सही करणाऱ्यांपैकी तो एक. अताहक म्हणजे तारा आणि अकोप म्हणजे पांघरूण. चांदण्यांची गोधडी! इतकं देखणं नाव मी दुसऱ्या कुठल्या सरदाराचं ऐकलेलं नाही.

फ्रेडा अहेनाक्यू बारा मुलांची आई होत्या. बी.एड. झाल्या 1979 मध्ये, म्हणजे वय सत्तेचाळीस. त्यानंतर मॅनिटोबा विद्यापीठात क्री भाषेवर प्रबंध लिहून 1984 मध्ये एम.ए. झाल्या. पुढे त्याच विद्यापीठात त्यांनी आदिवासी अभ्यासाच्या विभागाचं प्रमुखपद सांभाळलं आणि 1998 मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा देशाचा मोठा सन्मान मिळाला. 2011 मध्ये त्या गेल्या. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 1987 साली पुस्तकरूपाने आलेला त्यांचा प्रबंध. क्रीचं व्याकरण शिकवायचं तर ते खऱ्याखुऱ्या दंतकथांमधून शिकवता येतं, हे त्यांनी त्यात करून दाखवलं. रूपांचे तक्ते त्यातही आहेतच. पण ते तक्ते ज्यासाठी आहेत ती गोष्ट आधी आहे. अख्खी, घराघरांतून सांगितली जायची तशी.

हे एवढं मोठं का वाटावं? शाळेत आपण संस्कृत कसं शिकलो ते आठवा. देवः देवौ देवाः. तो देव काय करतो, कुठे जातो, कुणावर रागावतो, काही पत्ता नाही. माझ्या आईला एक श्लोकही अर्थासकट सांगता येत नाही, पण देवः देवौ देवाः अजून पाठ आहे.

त्यात क्रीची गोष्ट आणखी वेगळी होती. मराठी मुलाला शाळेत मराठी कशीही शिकवली तरी घरी आजी असते, शेजारी असतात, बाजार असतो. क्री मुलांच्या बाबतीत घरातली आजीच तोडून टाकलेली होती.

यावर लिहिताना हात जड होतो. कॅनडात शंभराहून अधिक वर्षं सरकारने आणि चर्चने मिळून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. मुलांना आईबापांपासून दूर नेऊन तिथे ठेवत. 1920 मध्ये तर तशी कायदेशीर सक्तीच आली. सुमारे दीड लाख मुलं या शाळांमधून गेली. तिथे केस कापत, नावं बदलत, आणि घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा करत. कित्येक मुलं परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या 1990 च्या दशकात, म्हणजे मी कुडाळच्या शाळेत मोठ्याने कविता म्हणत होते त्या वर्षांत. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती जून 2008 मध्ये. 2015 मध्ये या शाळांबद्दलच्या सत्यशोधन आयोगाचा अंतिम अहवाल आला. तिथून निघालेल्या धाग्यावर 2019 मध्ये आदिवासी भाषांचा कायदा झाला.

या सगळ्याचा गोष्टींवर काय परिणाम झाला, ते मला एका बाईंनी सांगितलं. वाचनालयात दर मंगळवारी संध्याकाळी क्री भाषेचा वर्ग भरतो. मी दोन हिवाळे जाते आहे. या बाई तिथे शिकवतात. त्या म्हणाल्या, ‘माझ्या आईला गोष्टी येत होत्या. मला तिने एकही सांगितली नाही. मला मार बसू नये म्हणून.’ एवढंच बोलून त्या फळ्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या ते मी वहीत लिहून घेतलं नाही, लिहावंसं वाटलं नाही. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्याबरोबर घरात वावरतंय.

आता माझ्या घरातलं सांगते. त्यांचं दुःख आणि माझी खंत मला एका तागडीत घालायची नाही. आम्ही स्वखुशीने विमानात बसून आलो. तरी सांगायला हवं. मुक्ता साडेतीन वर्षांची असताना ज्या पाळणाघरात जायची तिथे मला सुचवण्यात आलं की मूल गोंधळतंय, काही दिवस घरीही इंग्रजीच बोला. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आम्ही ऐकलं. आठ महिने मी माझ्या मुलीशी ज्या भाषेत बोलले, तिच्यात मला लाड करता येत नाहीत. नंतर पुन्हा मराठी सुरू केली. मुलीला शब्द सगळे आठवत होते. आतली हाडं मात्र बदलली होती.

सगळ्यात आधी गेला तो ‘आम्ही’ आणि ‘आपण’ मधला फरक. फोनवर ती आजीला सांगायची, ‘आजी, आपण काल बर्फात घसरगुंडी केली.’ आई तिकडून म्हणायची, ‘मी खंय इलंय गो?’ मुक्ताला कळायचंच नाही की यात चुकलं काय. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. तो शब्द समोरच्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे ऐकणाऱ्याने अंदाजाने समजून घ्यायचं.

क्रीच्या वर्गात तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. कियानव आणि नियनान. दोन्हींचा इंग्रजी अर्थ एकच. मग त्यांनी हाताने दाखवलं. कियानव म्हणताना हात गोल फिरवून आम्हा सगळ्यांना कवेत घेतलं. नियनान म्हणताना हात स्वतःच्या छातीशी नेला आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवला. वर्गातले बाकीचे लोक माना वाकवून लिहायला लागले. माझं पेन तसंच राहिलं. आपण आणि आम्ही! हजारो मैलांवरच्या, आपल्या भाषेशी कसलंही नातं नसलेल्या भाषेत ते दोघं अगदी तसेच शेजारी शेजारी बसले होते. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडेही हे आहे. त्यांनी मला दोन्ही शब्द तीनतीनदा म्हणायला लावले आणि स्वतः ‘आपण’ म्हणून पाहिलं. त्यांचा ण माझ्या मुलीपेक्षा चांगला आला.

त्या वर्गात असे धक्के मला बसतच राहिले. क्रीत ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे नाहीत, पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. तिथली वाटणी सजीव आणि निर्जीव अशी आहे. माणसं, प्राणी, झाडं सजीव, हे ओघानेच आलं. पण दगडही सजीव, बर्फही सजीव, हातमोजाही सजीव. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव. का, असं विचारण्यात अर्थ नाही. भिंत ‘ती’ आणि दरवाजा ‘तो’ का, हे मला तरी कुठे सांगता येतं? मिस्तिक म्हणजे झाड, सजीव. तेच कापून त्याचा ओंडका झाला की शब्द मिस्तिकच राहतो, पण निर्जीव होतो आणि त्याचं अनेकवचन बदलतं. सजीवाला पाहणं ‘वापमेव’, निर्जीवाला पाहणं ‘वापहतम’. क्रियापदच वेगळं.

आता बर्चच्या झाडाची गोष्ट ऐका, म्हणजे अहेनाक्यू व्याकरणासाठी गोष्टीकडे का गेल्या असतील ते दिसेल.

वीसहकेचाहक हा क्री दंतकथांचा नायक. त्याला थोरला भाऊ मानतात. तो जग घडवतो आणि स्वतःच्या हावरेपणाने फजितही होतो. कधी शहाणा, कधी आचरट. (नावाच्या शेवटचा ‘चाहक’ इंग्रजी बोलणाऱ्यांना जमत नाही. तो च बराचसा आपल्या चमच्यातला, चाकातला च आहे. मराठी जिभेला सहज येतो.) एकदा त्याने खूप मांस भाजायला ठेवलं आणि आपण न खाता किती वेळ राहू शकतो ते बघू, असं ठरवलं. बर्चच्या झाडांना म्हणाला, भावांनो, मला घट्ट धरून ठेवा. झाडांनी धरलं. तेवढ्यात वासावर जनावरं आली आणि मांसावर तुटून पडली. हा ओरडतोय, सोडा मला, सोडा. झाडं शब्दाला जागणारी. तू धरायला सांगितलंस, आम्ही धरलं. जनावरं पोटभर जेवून गेल्यावर झाडांनी त्याला सोडलं. त्याने रागाने फांदी घेतली आणि बर्चला फोडून काढलं. त्या फटक्यांचे वळ अजून आहेत.

मीवासिनच्या वाटेवर तीन बर्च आहेत. गोष्ट वाचली त्या रविवारी मुक्ता आणि मी तिथे गेलो. बर्चची साल पांढरी, कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारी, आणि तिच्यावर आडव्या काळपट रेघा. वनस्पतिशास्त्रात त्यांना वल्करंध्रं म्हणतात. झाड तिथून श्वास घेतं. मुक्ताने हातमोजा काढला, त्या कोकुमने काढला होता तसाच, आणि एका रेघेवरून बोट फिरवलं. रेघ खरखरीत होती, भोवतालची साल गुळगुळीत. ‘दुखतंय का अजून त्याला?’ तिने मराठीत विचारलं. क्षणभराने चूक सुधारल्यासारखी म्हणाली, ‘त्यांना.’ झाडाला अहोजाहो! कुणी शिकवलं नव्हतं. क्री मूल इथे सजीवाचं क्रियापद वापरेल, तेही न शिकवता, गोष्ट ऐकून ऐकून. हेच वाक्य इंग्रजीत टाकलं की झाड मुकाट्याने वस्तू होऊन बसतं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘त्याने त्याला सांगितलं की त्याचं मांस त्याने खाल्लं.’ यात कोण कोल्हा आणि कोण लांडगा, कळायला मार्ग नाही. क्रीत गोष्टीतला मुख्य ‘तो’ आणि दुसरा ‘तो’ यांची रूपं वेगळी असतात. दुसऱ्याच्या नावालाही शेपूट लागतं, क्रियापदालाही. गोष्ट कुणाची चालली आहे हे भाषाच धरून ठेवते. ज्यांनी इतक्या रात्री इतक्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या व्याकरणात गोष्ट अशी मुरलेली असणारच, असं मला वाटतं.

आणि ‘एसा’. क्री गोष्टींमध्ये हा बारीकसा शब्द सारखा येतो. मी स्वतः पाहिलेलं नाही, असं आहे हे मागाहून कळलं, अशा अर्थाचा. इंग्रजी भाषांतरांमध्ये तो बहुतेक वेळा गळून जातो. बाई समजावून थकल्या तेव्हा मी वहीच्या समासात लिहिलं: म्हणे. ‘राजा म्हणे जंगलात गेला.’ आपला ‘म्हणे’ जे काम करतो, ते इतक्या कमी अक्षरांत करणारा दुसरा शब्द मला कुठे भेटला नव्हता.

गोष्टींचे क्रीत दोन प्रकार. आचिमोविन म्हणजे घडलेली हकीकत. अहेनाक्यूंनी अशा हकीकतीही गोळा केल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून, क्रीत जशा सांगितल्या तशा. एका आजीने लहानपणी बहिणीसोबत रानात हरवल्याची सांगितलेली आठवण तर त्यांनी मुलांच्या पुस्तकात आणली. दुसरा प्रकार आतयोहकेविन, जुन्या पवित्र कथा. वीसहकेचाहकच्या गोष्टी या दुसऱ्या प्रकारातल्या, आणि त्यांना एक नियम आहे. त्या फक्त हिवाळ्यात सांगायच्या, जमिनीवर बर्फ असेपर्यंत. बर्फ वितळलं की गोष्टी मिटायच्या.

नियम मला परका वाटला नाही. माझी आजी शुक्रवारची कहाणी श्रावणातच सांगायची. आम्ही मुठीत अक्षता धरून बसायचो, कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. घामाने तांदूळ तळव्याला चिकटायचे. आश्विनात कहाणी मागितली तर ती म्हणायची, आता कसली? कहाणीलाही वेळ असते.

1925 च्या उन्हाळ्यात लेनर्ड ब्लूमफील्ड नावाचे भाषाशास्त्रज्ञ स्वीट ग्रास या क्री वस्तीत पाच आठवडे राहिले आणि शेकडो पानं कथा उतरवून घेऊन गेले. पाणिनीला गुरुस्थानी मानणारा हा माणूस, म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे. त्याला सांगणाऱ्यांमध्ये एक अंध म्हातारा होता, त्याच्या नावाचा अर्थ ‘येणारा दिवस’ असा होतो. वस्तीत सगळ्यांत जास्त गोष्टी त्यालाच येत. ते संग्रह नसते तर कितीतरी गोष्टी आज सापडल्या नसत्या, हे मी मान्य करते. तरी मनात येतं, उन्हाळा होता. बाहेर गवत हिरवं होतं. त्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण उन्हाची ऊब अंगाला लागत असेलच. एकेक वाक्य थांबून थांबून, लिहिणाऱ्याच्या हाताच्या वेगाने सांगताना, समोर एकही मूल नसताना, त्याला काय वाटलं असेल?

छापील कथा अभ्यासकाच्या कपाटात सुरक्षित राहते. अहेनाक्यूंनी तीच कथा मुलाच्या उंचीच्या फडताळावर आणून ठेवली, आणि मला त्यांचं मोठेपण यातच दिसतं. आज सास्काटूनमध्ये सेंट फ्रान्सिस ही क्री द्वैभाषिक शाळा आहे, तिथे लहान मुलं क्रीत शिकतात. 2021 च्या जनगणनेत क्री भाषा बोलता येणारे साधारण 86 हजार लोक नोंदले गेले. हा आकडा कॅनडातल्या दुसऱ्या कुठल्याही आदिवासी भाषेपेक्षा मोठा आहे, पण आधीच्या जनगणनेपेक्षा कमी. कुडाळ आणि सावंतवाडी तालुक्यांत मिळून याहून कितीतरी जास्त लोक मालवणी बोलतात, आणि तरी आम्हाला मालवणीची काळजी वाटते.

क्रीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे, क्री लिपीचा. एकच आकृती चार दिशांना वळवून पे, पि, पो, पा. आकृती व्यंजन सांगते, दिशा स्वर सांगते. 1840 च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने ती घडवली असं इतिहास सांगतो, आणि तिच्यामागे लघुलिपीबरोबर देवनागरीचीही प्रेरणा होती असं अभ्यासक मानतात. क्री माणसं वेगळं सांगतात: ही लिपी मिस्तनाकोवेव नावाच्या माणसाला परलोकातून मिळाली. मी त्या तक्त्यासमोर उभी राहून बाराखडी म्हणते आणि दोन्ही हकिगती मनात ठेवते.

माझ्या आजीकडे कहाण्यांशिवाय एक देवचाराची गोष्टही होती. देवचार रात्री वाडीची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, एक दिवस तो आमच्या विहिरीपाशी बसतो आणि… पुढचं मला आठवत नाही. आईला विचारलं. तिला विहीर आठवते, शेवट नाही. मामाला विचारलं, तो म्हणाला विहीर नव्हतीच, पिंपळ होता. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही सिनेमाची गाणी उतरवून घेत होतो.

गेल्या शुक्रवारी रात्री साडेआठला आम्ही कुडाळला फोन लावला. तिथे शनिवारची सकाळ, आठ वाजलेले. आईच्या हातात चहाचा कप होता. बाहेर आमच्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ साचलं होतं. मुक्ता आता आठ वर्षांची आहे. समोरचा दात पूर्ण आलाय, पांढराशुभ्र. तिला आजीला उंदराची गोष्ट सांगायची होती, मराठीत. कागदावर शब्द लिहून तयारी केली होती: फास, धग, कुरतडणे.

‘सांग गो, ऐकतंय मी,’ आई म्हणाली.

मुक्ता सुरू करणार, तेवढ्यात थांबली. माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे.

‘आजी, तुझ्याकडे बर्फ आहे?’

‘हंय खयचो बर्फ? मासेवालीच्या टोपलीत असता तेवढोच.’

मुक्ता गंभीर झाली. उठून खिडकीशी गेली, काचेला नाक लावून बाहेर पाहिलं आणि परत येऊन बसली.

‘आमच्याकडे आहे,’ ती म्हणाली. ‘खूप आहे. म्हणजे आपण सांगू शकतो. ऐक हं. खूप पूर्वी, म्हणे, एक मुलगा होता…’